होस्टेलच्या नव्या स्टाफला 'रात्री दोनचं' ट्रेनिंग कसं द्यायचं?

अधीक्षकबुवा (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या मुलांच्या होस्टेलला रेक्टर आहे. एकशे चाळीस पोरं, निम्मी चंदगड-आजरा-शाहूवाडीकडची, बाकी सांगली, कोकण आणि थोडी सीमाभागातली. या जुलैपासून चार नवी माणसं येतायत. दोन असिस्टंट रेक्टर (दोघंही एमएस्सी करणारी पोरंच, वय बावीस-तेवीस), एक रात्रीचे वॉचमन आणि मेसला एक मावशी. संस्थेनं 'स्टाफ ओरिएंटेशन'ला अर्धा दिवस दिलाय. गेल्या वर्षीच्या ओरिएंटेशनला प्राचार्य बोलले, चेअरमन बोलले, नारळ-शाल झाली, मग रजिस्टर कसं भरायचं ते सांगितलं आणि कांदेपोहे. संपलं.

आणि त्याच वर्षी काय काय झालं ते सांगतो.

ऑगस्टमध्ये मेसमध्ये फर्स्ट इयरच्या एका पोराला फिट आली. ताट उलटं, पोरगं खाली, आणि पन्नास जण गोल करून उभे. एकानं चप्पल काढून नाकाला लावली, दुसरा कांदा आणायला पळाला, तिसरा दातात चमचा घालायला बघत होता. असिस्टंट रेक्टर मला फोन लावत होता आणि मी टू-व्हीलरवर, फोन खिशात वाजतोय.

दुसरं त्याहून वाईट. रिझल्टच्या रात्री एका पोरानं रूम आतून लावून घेतली आणि मित्रांना 'सगळ्यांना सॉरी' असा मेसेज टाकला. असिस्टंटनं दार वाजवलं, "उघड नाहीतर सरांना बोलावतो" असा दम दिला, आणि मग होस्टेलच्या ग्रुपवर टाकलं की 214 वाला दार उघडत नाहीये. एकशे चाळीस जणांचा ग्रुप! पाच मिनिटांत सगळा मजला दारात. शेवटी आमचे वॉचमनमामा आले, सगळ्यांना खाली पिटाळलं आणि दाराबाहेर फरशीवर मांडी घालून बसले. वीसेक मिनिटं आतल्या पोराशी गावाकडच्या म्हशींबद्दल बोलत होते म्हणे. मग दार उघडलं. पोरगं आता बरं आहे, उपचार झाले, परीक्षाही दिली.

मामा मेमध्ये रिटायर झाले. म्हणजे होस्टेलमधला एकमेव ट्रेन्ड माणूस गेला, आणि त्यालाही ट्रेनिंग कुणी दिलं नव्हतं.

तर अर्ध्या दिवसात या चौघांना काय शिकवू? पीपीटी नको. जे रात्री दोनला आठवेल तेवढंच सांगा.

ब्रदर_रात्रपाळी

सर मी कॅज्युअल्टीत ब्रदर आहे, माझं काम शरीराचं तेवढं सांगतो.

फिट: आजूबाजूचं टेबल-खुर्ची सरकवा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, कॉलर सैल, आणि घड्याळ बघा. घड्याळ सगळ्यात महत्त्वाचं. झटके पाच मिनिटांच्या वर गेले, किंवा एक थांबून शुद्ध यायच्या आत दुसरे सुरू झाले, की 108. पहिल्यांदाच फिट आली असेल तरी दवाखान्यात न्यायचंच. झटके थांबले की कुशीवर वळवा, लाळ बाहेर पडू दे. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. आणि चप्पल-कांद्यानं काही होत नाही ओ, फिट आपोआप थांबायची तेव्हाच थांबते आणि क्रेडिट चप्पल खाते.

काही प्यायलंय, गोळ्या खाल्ल्यात असं नुसतं समजलं तरी न्या. "उलटी झाली, आता बरा बोलतोय" म्हणून रूमवर झोपवणारे लोक मी बघितलेत. काही गोष्टींचा परिणाम दोन दिवसांनी दिसतो आणि तेव्हा आमच्या हातात फारसं उरत नाही. मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. बाटली, पाकीट जे असेल ते पिशवीत घालून सोबत आणा. आणि पोलीस केस होईल म्हणून घाबरू नका, एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) आमच्याकडं कागदावर होते, तिच्यासाठी उपचार थांबत नाहीत.

छातीवर दाब द्यायचं एकदा बाहुलीवर करूनच घ्या, मिनिटाला 100 ते 120. आमच्याकडं एका कॉलेजात डेमो घेतला, मी म्हटलं श्वास नाही, आता काय कराल, सीपीआर. पोरगं म्हणालं, "होय सर, रिक्षा बोलवू का सीपीआरला?" कोल्हापुरात सीपीआर म्हणजे सरकारी दवाखाना, हा घोळ होणारच. दवाखाना वेगळा, दाब वेगळा, हे पहिल्या वाक्यातच सांगा 😄

कडकशिस्त

अठ्ठावीस वर्षं रेक्टर होतो. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. साडेनऊला हजेरी, दहाला लाईट बंद, महिन्याला घरी पत्र. आता पोरांना काही बोलायची सोय नाही, लगेच डिप्रेशन. स्टाफला शिस्त लावायला शिकवा, निम्मे प्रॉब्लेम तिथंच मिटतील.

चंदगडी_काजू

काका तुमच्या वेळी असलं काही नव्हतं की तुमच्यापर्यंत येत नव्हतं?

मी सहा वर्षांपूर्वी कोल्हापुरातच होस्टेलला होतो (कुठलं ते सांगत नाही). सेकंड इयरला माझं सगळंच बिघडलं होतं, झोप नाही, जेवण नाही, मेसचं कार्ड सलग अकरा दिवस कोरं. हजेरीला मात्र रोज 'यस सर'. रजिस्टरमध्ये मी एकदम हेल्दी होतो बघा. अकरा दिवस मी जेवत नाही हे फक्त मेसच्या मावशींना माहीत होतं आणि त्यांना कुणी विचारलंच नाही. शेवटी त्यांनीच रेक्टरांना सांगितलं तर रेक्टरांनी थेट बाबांना फोन, "तुमचा मुलगा नाटकं करतोय". बाबा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आले आणि सीबीएस स्टँडवरच माझ्या कानाखाली. पुढचं सांगत नाही. मी आहे अजून, एवढं बास.

अधीक्षकबुवा सर, तुम्ही मावशींना ट्रेनिंगला बसवताय हे वाचूनच मी लिहायला बसलो.

जुनाबोर्डर

काजूशी सहमत, पण कडकशिस्त साहेबांनाही एकदम झोडू नका. मी दसरा चौकातल्या बोर्डिंगात वाढलेला माणूस. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी उगाच म्हणत नाहीत, 1901 ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, 1908 ला मिस क्लार्क, शाहू महाराजांनी एकेक समाजाच्या पोरांसाठी दारं उघडली. आमच्या सुपरिंटेंडेंटांना प्रत्येक पोराचं गाव, बापाची शेती किती, थोरली बहीण कुठं दिली, सगळं तोंडपाठ. पोरगं गप्प झालं की त्यांना पहिल्या दिवशी कळायचं. साहेब शिस्त शिस्त म्हणतायत पण त्या शिस्तीच्या पोटात ही ओळख होती. आता एका रेक्टरकडं तीन होस्टेल, शिवाय दोन तास लेक्चरं. ओळख गेली आणि नुसती हजेरी उरली.

पन्हाळकर_परदेशी

इथं अमेरिकेत एमएस करताना मी दोन वर्षं आरए होतो, रेसिडेंट असिस्टंट. म्हणजे विद्यार्थीच, पण एका मजल्याची जबाबदारी, बदल्यात रूम फुकट. तुमचे एमएस्सीवाले दोघे तेच. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी भरपूर दिवसांचं ट्रेनिंग असतं, त्यातलं नव्वद टक्के मी विसरलो. एकच लक्षात राहिलं, 'बिहाइंड क्लोज्ड डोअर्स'. जुने आरए खोल्यांमध्ये नाटक करत बसतात, एका खोलीत दारू पिऊन पडलेला, एकीत ब्रेकअपवाली रडतेय, एकीत रूममेटची मारामारी. नवा आरए दार वाजवतो आणि आत काय आहे त्याला माहीत नसतं. पाच मिनिटांनी थांबवतात आणि बोलतात.

माझ्या पहिल्या दारात जुना आरए नुसता गप्प बसला होता. मी वेड्यासारखा बोलत सुटलो, माझी स्टोरी, माझ्या मित्राची स्टोरी, 'सगळं ठीक होईल', मोटिव्हेशनल स्पीकर झालो अक्षरशः. थांबवल्यावर तो म्हणाला, चार मिनिटांत तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस.

तुमच्या अर्ध्या दिवसातले दोन तास यालाच द्या. खर्च शून्य, रिकाम्या रूम्स जूनमध्ये आहेतच.

आणखी एक. तिथं पहिल्या दिवसापासून डोक्यात घालतात की तू डॉक्टर नाहीस. तू बघायचं, ऐकायचं आणि पुढच्या माणसाकडं पोचवायचं. पण पुढचा माणूस कोण हे रोज रात्री ठरलेलं असतं, ऑन-कॉल फोन असतो आणि तो उचललाच जातो. सर, तुमचा फोन टू-व्हीलरवर खिशात वाजत होता. राग मानू नका.

अधीक्षकबुवा

राग नाही. खरंय. तेच लागलंय मनाला.

ऐकणारी

मी समुपदेशक आहे, दोन कॉलेजांत जाते. सगळ्यांचं वाचलं, त्यात एका गोष्टीची भर घालते जी मला सगळ्यात अवघड वाटते, आणि ती भाषेची आहे.

मुलगा खचलाय, जगायचा कंटाळा आलाय असं काही बोलला तर त्याला सरळ विचारायचं असतं. विचारल्यानं डोक्यात कल्पना भरते ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलांना हलकं वाटतं. पण आपण मराठीत विचारतो कसं? "काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?" हा प्रश्नच नाही. यात उत्तर आधीच भरलेलं आहे, समोरच्यानं फक्त 'नाही' म्हणायचं आणि आपण सुटलो. "घरच्यांचा विचार कर" हे त्याहून वाईट, कारण तो रात्रंदिवस तेवढाच विचार करत असतो, की मी नसलो तर घरच्यांचा बोजा कमी होईल.

सरळ म्हणजे असं: "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" बस. आणि मग गप्प. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटा सोडायचा नाही, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं आणि तिथंच बसून पुढचा फोन लावायचा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे तरी दहातल्या आठ रेक्टरांना मी तो नंबर पहिल्यांदा सांगते. स्टाफनंही लावायचा तो, "माझ्यासमोर एक मुलगा असा आहे, मी काय करू" असं विचारायला. पण ज्यानं आधीच काही करून घेतलंय किंवा करायच्या बेतात आहे तिथं हेल्पलाईन नंतर, आधी 108 किंवा थेट दवाखाना.

गुन्हा दाखल होईल म्हणून लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा धरणारं जुनं कलम 309 भारतीय न्याय संहितेत आलंच नाही.

"कुणाला सांगणार नाही, शप्पथ" असं वचन स्टाफनं कधीच द्यायचं नाही. "ज्याला सांगायची गरज आहे त्यालाच सांगेन, आणि तुला सांगून सांगेन" हे चालतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे सांगायची गरज असलेली माणसं नव्हेत.

टाकाळ्यावरची

मुलींच्या होस्टेलवर असते मी, दोन शब्द. घरी फोन करायचा प्रश्न काजूनं काढलाच आहे. आमच्याकडं अशी मुलगी होती की जिचा त्रासच घरातला होता, मामाकडून. आणि आधीच्या मॅडमनी सवयीनं पालक म्हणून लिहिलेल्या नंबरला फोन लावला. तो नंबर मामाचा. पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. तेव्हापासून प्रवेशाच्या फॉर्मवर आम्ही वेगळी ओळ घातली, 'अडचणीत आधी कुणाला कळवायचं', आणि ती मुलीनं एकटीनं भरायची, पालक ऑफिसबाहेर असताना. कुणी मावशीचं लिहितं, कुणी शाळेतल्या बाईंचं.

अकरावी-बारावीच्या मुली असतील तर अठराच्या आतल्या, तिथं लैंगिक त्रासाचं कळलं की पोक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "घरातलं घरात मिटवू" हा पर्याय कायद्यानं ठेवलेलाच नाही. हे नव्या वॉर्डनला पहिल्या दिवशी सांगायचं. रॅगिंगचं तसंच, महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, यूजीसीची हेल्पलाईन 1800-180-5522. जिन्यात लावलाय आम्ही नंबर, दरवर्षी कुणीतरी फाडतं, दरवर्षी परत लावतो.

कडकशिस्त

मामाचं वाचलं. मी पण पालक म्हणून लिहिलेल्या नंबरलाच फोन करत आलो. अठ्ठावीस वर्षांत दुसरं काही सुचलं नाही.

बरं, या सगळ्याला मॅनेजमेंट पैसे आणि वेळ देणार का? अर्धा दिवस दिलाय तोच उपकार असेल.

जुनाबोर्डर

द्यावा लागेल साहेब. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं विशाखापट्टणमच्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या केसमध्ये देशभरच्या कॉलेज-होस्टेल-कोचिंगवाल्यांना निर्देश दिलेत. टीचिंग नॉन-टीचिंग सगळ्या स्टाफला वर्षातून निदान दोनदा ट्रेनिंग, तेही प्रमाणित मानसिक आरोग्य तज्ज्ञाकडून. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर समुपदेशक पाहिजेच. टेलिमानससारखे नंबर होस्टेलला, वर्गात, वेबसाईटवर मोठ्या अक्षरात. नॉन-टीचिंग म्हणजे वॉचमन आणि मावशी आल्याच की! अधीक्षकबुवा, एक प्रिंट काढून चेअरमनच्या टेबलावर ठेवा, नारळ-शालीच्या जागी.

मेसचा_डबा

सगळे मनाच्या क्रायसिसवरच बोलतायत म्हणून एक आठवण. 2019 चा पूर. आमच्या होस्टेलला पाणी आलं नाही पण शिरोलीजवळ हायवे बंद, नळाला पाणी नाही, पेट्रोल नाही, दूध नाही, आणि मेसचे सिलिंडर दोन. पोरं गच्चीवर जाऊन घरी फोन लावतायत, कुणाचं घर आंबेवाडीत, कुणाचं शिरोळात, घरचे फोन लागत नाहीत. नव्या वॉर्डनसरांचं स्वतःचं घर पाण्यात, ते ऑफिसात बसून रडत होते आणि आम्ही त्यांना चहा करून दिला. त्यामुळं जून ते सप्टेंबर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बोर्डावर लिहा, 39 फूट इशारा, 43 धोका, आणि 39 ला काय करायचं ते आधीच ठरवा. किती पोरांची गावं नदीकाठची याची यादी पाहिजे. आणि स्टाफला पण घर असतं, एवढं लक्षात ठेवा.

अधीक्षकबुवा

मंडळी, झालं ट्रेनिंग. काल. वृत्तांत देतो, कबूल केला होता.

भाषणं दहा मिनिटांत गुंडाळली (चेअरमन साहेबांना प्रिंट आधीच दिली होती, जुनाबोर्डर यांचे आभार, डिसेंबरला दुसरं ट्रेनिंगही मंजूर झालं). सकाळी ब्रदर येऊन गेले, बाहुलीवर चौघांचेही घाम निघाले. वॉचमनचे हात भारी चालतात, तालमीतले आहेत, फक्त म्हणे "बरगडी मोडंल की ओ".

मग ऐकणारी मॅडमनी तो प्रश्न प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणून घेतला. इथं खरी गंमत. चौघांत सगळ्यात शिकलेला एमएस्सी फिजिक्सवाला, पाच वेळा सुरुवात केली आणि पाचही वेळा 'जीव' शब्दापाशी अडकला. एकदा हसला, एकदा म्हणाला "सर इंग्लिशमध्ये विचारू का", एकदा परत 'वेडंवाकडं'वर गेला. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त थांबल्या. सहाव्या वेळी निघाला शब्द आणि त्याचे डोळे भरले. आम्ही चहाची सुट्टी घेतली. नंतर कळलं, त्याचा बारावीचा बेंचमेट. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

ती सुट्टी ट्रेनिंगच्या कागदावर नव्हती. डिसेंबरला असेल.

दुपारी दारं. 214 च घेतली मुद्दाम. मागच्या वर्षीचे दोन सीनियर आत नाटकाला. वॉचमननी पहिल्याच फटक्यात खांदा लावला, दार मोडायलाच निघाले, थांबवावं लागलं. (आत काय चाललंय ते माहीत नसेल, हाकेला ओ नसेल, तर दार तोडायचं की नाही यावर अर्धा तास वाद झाला. ठरलं असं: आतून आवाज येतोय तोवर बोलत राहायचं आणि दुसऱ्यानं शांतपणे मास्टर चावी आणायची, आवाज बंद झाला तर थांबायचं नाही. मास्टर चावी माझ्या घरी होती हे याच वादात उघड झालं. आता वॉचमनच्या केबिनमध्ये सीलबंद पाकिटात आहे.) दुसऱ्या असिस्टंटनं भाषण दिलं, पन्हाळकर, डिट्टो तुमच्यासारखं. मावशी सगळ्यात शेवटी गेल्या. दारावर टकटक, "बाळा, मी मेसची मावशी. जेवलास का?" आतून उत्तर नाही. "बरं. मी बसते हितं." आणि खरंच बसल्या, पदरानं घाम पुसत. आतलं नाटक करणारं पोरगं तीन मिनिटांत बाहेर आलं, म्हणालं सर मला नाटक जमेना.

मेसच्या कार्डावर सलग तीन दिवस खाडा दिसला की मावशींनी मला सांगायचं आणि मी घरी फोन न करता आधी पोराला भेटायचं, हे आता लिखित आहे. काजू, ही ओळ तुझी. ऑन-कॉल फोन वेगळा घेतला, साधा बटणवाला, एका रात्री एकाच्याच उशाशी.

जुन्या मामांनाही बोलावलं होतं, ते कागलहून आले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, मामा त्या रात्री तुम्ही वीस मिनिटं म्हशींबद्दल काय बोलत होता ते या पोरांना सांगा. मामा गडबडले. म्हणाले, "मला म्हशीतलं काय कळतंय साहेब, आमच्यात कधी जनावर न्हवतं. त्योच सांगत हुता. मी आपलं फुडं काय झालं, फुडं काय झालं, एवढंच इचारत हुतो."

चंदगडी_काजू

म्हैस कुठली होती? मुऱ्हा का पंढरपुरी?

अधीक्षकबुवा

मुऱ्हा. दुसऱ्या वेताची, त्या आठवड्यात आटली होती. मामांना सगळं लक्षात आहे.